मशिदीच्या पायरीवरची वागियेम

करांगसोका गावात वागियेमला सगळे ओळखत, पण तिच्या घरी कुणी जात नसे. नदीकडच्या उतारावर बांबूच्या बेटाला लागून तिचं घर होतं. अंगणात एकीकडे बाटल्यांचा ढीग, दुसरीकडे पुठ्ठ्यांचा, आणि मधल्या वाटेवर कोंबड्या. आठ वर्षांपूर्वी भूकंप झाला, त्या पहाटे तिचं जुनं घर नवऱ्यासकट खाली बसलं, तेव्हा ती विहिरीवर होती म्हणून वाचली. ढिगाऱ्यातून आधी नवऱ्याला काढलं, मग शाबूत कौलं काढली, मग वाकलेलं लोखंड. लोखंडाला गिऱ्हाईक मिळालं आणि तिथून ती भंगाराच्या धंद्याला लागली. मुलगी लग्न होऊन सुमात्राला गेलेली. एकटीचं पोट, त्याला कितीसं लागतं? दोन्ही बाजूंना बांबूच्या टोपल्या बांधलेली सायकल, हातात लोखंडी आकडा आणि डोक्यावर नवऱ्याची गवती टोपी एवढ्या सामानावर तिने आठ वर्षं काढली.

गावात शिकल्यासवरल्या बाईला 'बू' म्हणायची पद्धत होती. मजुरी करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बाईला 'यू'. वागियेम म्हणजे 'यू वागी'. ती दारात आली की बाया डोक्यावरचा रुमाल ओढून नाकाला लावत आणि बाटल्या पायाने पुढे सरकवत. कोपऱ्यावर तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळून विकणारी सुप्रिह तर लांबूनच ओरडे, "यू वागी, पलीकडून जा ग बाई! माझी तळणी उघडी आहे!"

"तुझ्या तळणीतलं तेल माझ्यापेक्षा जुनं आहे," वागियेम म्हणे, आणि दोघी हसत. हसणं खरं होतं, पण वागियेम पलीकडूनच जाई, हेही खरं होतं.

एकदा शुक्रवारी सकाळी बायकांच्या कुराण-वाचनाला ती मशिदीत आत जाऊन बसली होती. नव्या साबणाने आंघोळ करून गेली होती. तरी शेजारच्या बाईने हळूच आपली चटई वीतभर सरकवली. पुढच्या शुक्रवारपासून वागियेम बाहेरच्या पायरीवर बसू लागली आणि तिला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

अशात कियाई मुहसोनींच्या घरात सून आली. कियाई म्हणजे गावचे इमाम, वयाने सत्तरीचे, बोलायला मऊ. सुनेचं नाव उस्वातुन. वय असेल एकोणतीस-तीस. सोलो शहरातल्या मदरशात शिकलेली, उंच, आवाज स्वच्छ. पहिल्या दिवसापासून ती 'बू उस्वातुन' झाली. सुप्रिहच्या जिभेला तो 'बू' इतका सहज आला, की ऐकून वागियेमच्या कपाळावर आठी पडली. ही कालची पोर बू, आणि मी पन्नाशीची बाई यूची यूच!

एका शुक्रवारी वाचन संपल्यावर उस्वातुन बोलायला उभी राहिली. म्हणाली, "ही जमीन, ही नदी आपली नाही. अल्लाहने सांभाळायला दिलेली ठेव आहे. ठेव परत करताना अशी परत करायची? कालव्यात पिशव्या, परसात जळकं प्लास्टिक? आपल्यात कितीजणींना वाटतं, सदका द्यावा, दानधर्म करावा, पण हातात काही नसतं. मी म्हणते, कचरा द्या. धुऊन, सुकवून दर शुक्रवारी इथे आणा. तो विकू आणि आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला, विधवांच्या तांदळाला लावू. रस्त्यातला काटा उचलून बाजूला टाकणं हाही सदकाच आहे, असं आपल्या पैगंबरांनी शिकवलंय."

आत बायका 'खरंच की' म्हणत माना हलवत होत्या. बाहेर पायरीवर वागियेम आपल्या हातांकडे बघत बसली. काचेने चिरलेली बोटं, नखांत काळं. रस्त्यातला काटा! आठ वर्षं ह्या गावातले काटे, काचा, डबे, बाटल्या कुणी उचलल्या? तेव्हा तो सदका नव्हता. तेव्हा तो वास होता.

पुढचे महिने तिला आतून कुरतडत गेले. बायका धुतलेल्या बाटल्या टोपल्यांत घेऊन, चांगले कपडे घालून, हसत-खिदळत मशिदीच्या बाजूच्या ओसरीवर येऊ लागल्या. सुप्रिह वजनकाट्यापाशी उभी राहू लागली. दारोदार फिरणाऱ्या वागियेमला मात्र एकच उत्तर मिळे, "अग, मशिदीसाठी ठेवलंय. आधी सांगायचंस!" आधी म्हणजे कधी? आठ वर्षं काय ती मुकी होती? सायकलच्या टोपल्या अर्ध्यासुद्धा भरेनात. ती शेजारच्या गावांपर्यंत जाऊ लागली.

पण खरं सांगायचं तर कमी झालेल्या मिळकतीपेक्षा तिला दुसरंच सलत होतं. तालुक्याहून लोक आले, त्यांनी उस्वातुनचे फोटो काढले. उस्वातुन हातात एक बाटली धरून उभी, पांढराशुभ्र हिजाब, बोटं कशी केळीच्या गाभ्यासारखी. सुप्रिह तर कौतुकाने म्हणाली, "बू उस्वातुन दिवसभर कचऱ्यात असते, पण अंगाला जाईचाच वास! काय म्हणावं!"

वागियेम घरी गेली आणि त्या दिवशी तिने तीनदा आंघोळ केली. मग स्वतःचाच राग येऊन तिने साबण कोंबड्यांच्या अंगावर फेकला.

तिला आणखी एक गोष्ट दिसत होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. बायकांना प्लास्टिकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रंगीत बाटल्या पांढऱ्यांत, तेलाचे डबे पाण्याच्या प्लास्टिक पेल्यांत, झाकणं न काढता सगळं एकाच पोत्यात. भंगारवाला दारमो मनातल्या मनात हसत सगळं हलक्या भावाने उचलून नेई. वागियेम ओसरीसमोरून सायकल ढकलत जाई, पोत्यांवर एक नजर टाकी आणि तिला बरं वाटे. शिकलेली आहे ना, कळू दे तिचं तिला.

मग एक दिवस उस्वातुन स्वतः तिच्या घरी आली. हातात पाच किलो तांदळाची पिशवी.

"यू, हे तुमच्यासाठी. सगळ्या विधवांना देतोय. आपल्या सदक्यातून घेतलेत."

वागियेमने पिशवीकडे पाहिलं. तिच्याच बाटल्यांचा तांदूळ! ज्या दारांतून तिला हाकलत होते, त्याच दारांतून गोळा झालेला. आणि आता ती हात पसरून तो घेणार, वर आभार मानणार.

"ठेवा तिथे," ती म्हणाली.

"आत ठेवू का? कोंबड्या—"

"तिथेच ठेवा, म्हटलं ना."

उस्वातुन गोंधळली, हसली आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेली. ते हसणंच वागियेमच्या डोक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती बाजारातल्या मासळीवाल्यांकडून आतडी-कल्ल्यांची बादली घेऊन आली. कोंबड्यांना घालते म्हणून सांगितलं. दुपारची नमाज होऊन माणसं पांगली होती. ओसरीवर शनिवारी जायची पोती भिंतीला टेकून उभी होती. वागियेमने त्यातली पाच सोडली, प्रत्येकात ओंजळी-ओंजळी घाण सारली आणि पुन्हा घट्ट बांधली. विहिरीवर बादली धुऊन ती घरी आली आणि गाढ झोपली.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेला अख्खा गाव लोटला, तोवर उन्हाने आपलं काम केलं होतं. माश्यांचं मोहोळ उठलं होतं. एका मांजराने पोतं फाडून आतडी ओढत वजूच्या, नमाजेआधी हातपाय धुवायच्या, नळापर्यंत आणली होती. मशीद समितीचे हाजी जुवाहिर पाय धुवायला वाकले, त्यांचा पाय त्यावरून सटकला आणि ते सगळ्यांदेखत पाण्यात बसले.

"अल्लाहचं घर आहे की उकिरडा?" ते उठत ओरडले. "पहिल्यापासून सांगत होतो! बायकांच्या हाती द्या आणखी!"

नमाज झाल्यावर समितीने तिथल्या तिथे ठरवलं, आजपासून हे बंद. कियाई मुहसोनी मान खाली घालून 'बरं' म्हणाले.

उस्वातुनने ओसरी एकटीने धुतली. मध्येच ती भिंतीला धरून ओकली, चूळ भरली, पुन्हा झाडू हातात घेतला. तिच्या पांढऱ्या हिजाबाचा काठ चिखलाने भरला होता. रस्त्यापलीकडे सायकलला टेकून वागियेम बघत होती. तिच्या जिवाला इतकं गार वाटलं, जसं वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. आता येऊ दे म्हणावं जाईचा वास.

तो गारवा तीन दिवस टिकला.

सोमवारी ती टोपल्या बांधून निघाली. म्हटलं, आता दारं उघडतील. पण घरोघरी परसात धूर होता. "जाळलं ग. नको ती कटकट," बायका म्हणाल्या. कालव्यात पिशव्या पुन्हा तरंगू लागल्या. बाटल्या कुणी देईना आणि कुणी बोलेना. शुक्रवारच्या वाचनाला अर्ध्याच बायका आल्या. पूर्वी संपल्यावर तासभर रेंगाळायच्या, आता चपला घालून घरी.

सुप्रिह तळणीपाशी गप्प बसली होती. वागियेम पलीकडून जाऊ लागली तर तिनेच हाक मारली.

"यू, ये ना. बस."

"तुझी तळणी उघडी आहे."

"असू दे." सुप्रिह झारा खाली ठेवत म्हणाली, "तुला हसू येईल. पण त्या ओसरीवर मला बायका विचारायच्या, 'सुप्रिह, हे कुठे ठेवू? सुप्रिह, किती भरलं?' ह्या गावात मला ह्याआधी कुणी काय विचारलंय? 'चार काप दे' एवढंच." तिने डोळे पुसले. "आणि ती बिचारी उस्वातुन! सासऱ्यांनी तिला घरात बसायला सांगितलंय. लोक म्हणतात, पोती नीट बघितली नाहीत, गलथान आहे."

वागियेमने तेंपेचा काप हातात धरला होता. तो तिने तसाच ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी उस्वातुन दारात आली. ती घरोघर फिरत होती.

"यू, माझ्या दुर्लक्षामुळे मशिदीत घाण झाली. सगळ्यांना त्रास झाला. तुम्ही पायरीवर बसता, तुम्हाला तर जास्तच झाला असेल. मला माफ करा."

तिचे डोळे सुजले होते आणि अंगाला जाईचा वास नव्हता. "बरं बरं," म्हणत तिने दार लावलं. चुलीवर भात शिजत होता, त्याच तांदळाचा. एक घास तोंडात घेतला, तो फिरत राहिला. शेवटी तिने ताट कोंबड्यांपुढे सरकवलं.

रविवारी दुपारच्या उत्तरार्धात, असरच्या नमाजेनंतर मशिदीत समितीची बैठक होती. वजनकाटा विकून टाकायचा, एवढंच ठरवायचं होतं. उस्वातुनला हिशेबाच्या वह्या द्यायला बोलावलं होतं, सुप्रिह तिच्यासोबत आली होती. वागियेम आली, पायरीवर थांबली आणि मग चपला काढून सरळ आत गेली.

"यू वागी? काय हवंय?" हाजी जुवाहिर म्हणाले.

"पोत्यांत घाण मी टाकली."

सुप्रिहने तोंडावर हात ठेवला.

"मासळीबाजारातून आणली. पाच पोत्यांत टाकली. ह्या मुलीची काही चूक नाही."

"का पण?" कियाई मुहसोनींनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, त्यानेच तिचा बांध फुटला.

"जळत होते म्हणून! आठ वर्षं तुमचा कचरा मी उचलला. तुम्ही नाकं दाबलीत. ही आली, तिने तेच केलं, तर तो सदका झाला, पुण्य झालं, फोटो झाले. मला काय मिळालं? माझ्याच बाटल्यांचा तांदूळ, तोही भिक्षा म्हणून! हिच्या कौतुकाचा एकेक शब्द मला चावायचा. म्हणून टाकली. आता काय करायचं ते करा."

"अग, मासळीची आतडी आणायच्या आधी एकदा बोलायचंस तरी!" सुप्रिह ओरडली.

"कुणाशी बोलू? रुमाल नाकावरून काढला असतात तर ऐकू आलं असतं."

हाजी जुवाहिर काहीतरी म्हणणार होते, पण कियाईंनी हात वर केला. 

"रस्त्यातला काटा काढण्यावर मी दरवर्षी ह्या मिंबरवर उभा राहून खुत्बा देतो, प्रवचन करतो," ते म्हणाले. "आणि दर शुक्रवारी तू सायकल घेऊन माझ्यासमोरून जातेस. मी एकदाही तुला थांबवून सलाम केला नाही. तू केलंस ते वाईट, वागियेम. मत्सराने तू दुसऱ्याचं चांगलं काम नासवलंस, त्याचा जाब तुलाच द्यावा लागेल. पण माझा जाब मला द्यावा लागेल."

सगळ्यांनी उस्वातुनकडे पाहिलं. वाटलं होतं, ती उठून वागियेमला मिठी मारेल. ती उठली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मी घरोघर माफी मागत फिरले," ती म्हणाली. "तुमच्या दारातसुद्धा आले. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात." आणि वह्या तिथेच टाकून ती निघून गेली.

कियाईंच्या शब्दावरून काम पुन्हा सुरू झालं, पण मशिदीच्या ओसरीवर नाही. मागे म्हशींचा जुना गोठा रिकामा होता, तो हाजी जुवाहिर यांनीच दिला. पडल्याची आठवण ते अजून काढत, पण वागियेमने सगळ्यांसमोर कबूल केलं ह्याचं त्यांना मनातून कौतुक वाटलं होतं. निवडण्याचं काम कियाईंनी वागियेमकडे दिलं, आणि पहिल्याच दिवशी तिने सगळी पोती ओतून टाकली.

"हे काय, आम्ही भरून ठेवलं होतं!" बायका ओरडल्या.

"भरलं नव्हतं, कोंबलं होतं. इकडे या. डोळे मिटा." तिने एक बाटली मुठीत चुरगाळली. "हा आवाज ऐका, कडकडीत. आता हा दुसरा. मऊ, पिठाच्या पिशवीसारखा. हे दोन कधी एकत्र घालायचे नाहीत. कळत नसेल तर पाण्यात टाका. एक बुडेल, एक तरंगेल."

पुढच्या खेपेला दारमो आला, तेव्हा निवडून लावलेले ढीग आणि त्यांच्या पुढे पाय फाकून बसलेली वागियेम बघून त्याचं तोंड उतरलं.

"तू इथे काय करतेस?"

"तुझी वाट बघत होते. चल, भाव बोल. पांढऱ्याचा वेगळा, रंगीताचा वेगळा."

बायका इतक्या हसल्या, की गोठ्याच्या कौलांवरची कबुतरं उडाली. त्या वर्षाच्या मिळकतीतून बायकांनी शिवणयंत्र घेतलं, आणि वागियेमला विधवांच्या तांदळातून नाही, तर तिच्या कामाचा वाटा म्हणून दर आठवड्याला पैसे मिळू लागले. ही अट तिची स्वतःची होती आणि समितीत ती मांडली सुप्रिहने, पुरुषांसमोर, न अडखळता.

उस्वातुन पुन्हा हिशेब बघायला येऊ लागली होती, पण वागियेमशी बोलत नव्हती. काही विचारायचं असलं तर सुप्रिहला सांगे, "यूंना विचारा, झाकणं कुठे ठेवायची." वागियेम दोन हातांच्या अंतरावर बसलेली असे. सुप्रिह वैतागून म्हणे, "मी काय तुमचा भोंगा आहे?" असा सगळा रमजान गेला.

ईदच्या सकाळी लहानांनी मोठ्यांच्या घरी जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, ही रीत. वागियेमच्या घरी त्या वर्षी पहिल्यांदा माणसं आली. दुपारी उस्वातुन आली. रिवाजाप्रमाणे वाकली, वागियेमचा हात कपाळाला लावला.

"माझं चुकलंमाकलं माफ करा, यू."

"माझंच माफ कर, पोरी."

उस्वातुन सरळ झाली. "खोटं बोलणार नाही. अजून पूर्ण केलेलं नाही. ओसरी धुताना तुम्ही पलीकडे उभ्या होतात, ते मला अजून दिसतं."

"मग आलीस कशाला?"

"यायचं असतं म्हणून. आणि घरी बसले तर कधीच होणार नाही म्हणून."

वागियेमने केळीच्या पानात बांधलेला भात आणि नारळाच्या रसातली कोंबडी पुढे ठेवली. दोघी खायला बसल्या. मग वागियेम म्हणाली, "मीही खोटं बोलत नाही. तुझा फोटो काढतात, तेव्हा अजून पोटात दुखतं."

उस्वातुनने घास थांबवला. "तुम्ही बायकांना हसवता ना, तशी मला कुणालाच हसवता येत नाही. मी आले की सगळ्या सावरून बसतात. मला त्याचं दुखतं."

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दोघी काही गळ्यात गळे घालणाऱ्या मैत्रिणी झाल्या नाहीत. गोठ्याच्या दोन टोकांना बसतात, कधी खटका उडतो, कधी दिवसभर बोलतात. पाहुणे आले की कॅमेरे अजूनही उस्वातुनकडेच वळतात आणि वागियेमचा चेहरा अजूनही कसनुसा होतो. मग ती उठून नमाजेला जाते. आत, दुसऱ्या रांगेत तिची ठरलेली जागा आहे. तिथे बसून ती ते जळणं अल्लाहपुढे जसंच्या तसं मांडते. निम्मं कमी होतं, असं ती म्हणते.

गेल्या वर्षी डोंगराकडच्या एका गावाने त्यांच्या मशिदीतल्या बायकांना शिकवायला माणूस मागितला. उस्वातुनला ताप होता, म्हणून वागियेम एकटी गेली. चाळीसेक बायका समोर बसल्या होत्या. तिने त्यांना डोळे मिटायला लावले, बाटल्या चुरगाळून ऐकवल्या, पाण्यात बुडवून दाखवल्या. शेवटी एका तरुण बाईने विचारलं, "बू, तुमच्या गावात हे सुरू कुणी केलं?"

तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. 'मी' म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं, आणि आठ वर्षांच्या सायकलीचा विचार केला तर ते फारसं खोटंही नव्हतं. वागियेम पेल्यातलं पाणी प्यायली.

"आमच्या गावची बू उस्वातुन. तिने सुरू केलं," ती म्हणाली. मग जरा थांबून, आवाज चढवून म्हणाली, "पण निवडायला तिला मी शिकवलं."